फी भरण्याआधी जुना लॅपटॉप शोधा

आयटी सपोर्टचं काम घरच्या घरी अभ्यास करून शिकता येतं का, असं पालक विचारतात तेव्हा माझं उत्तर स्पष्ट असतं: येतं. अभ्यासक्रम सगळ्यांसाठी खुला आहे, सरावाचं यंत्र घरात ठेवता येतं आणि या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या मुख्य परीक्षेला पदवीची अट नाही. खरी अडचण निवडीची आहे. जाहिराती इतक्या, की काय शिकायचं हे ठरण्याआधीच घरात फीच्या हप्त्यांची चर्चा सुरू होते.

आधी काम काय असतं ते पाहू. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं, पण तोवर निळ्या पडद्यावर अडकलेली यंत्रं त्याने सुरू झाली नाहीत. बहुतेक ठिकाणी कुणीतरी प्रत्यक्ष संगणकापाशी जाऊन तो सेफ मोडमध्ये सुरू करायचा, एक ठरावीक फाइल पुसायची आणि तो पुन्हा सुरू करायचा, असं करावं लागलं. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुविधेने कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधायची. कार्यालयांमध्ये, रुग्णालयांमध्ये, बँकांमध्ये हे काम सपोर्टच्या माणसांनी केलं. आपला मुलगा किंवा मुलगी ‘नुसतं सपोर्टचं काम’ करणार म्हणून खट्टू होणाऱ्या पालकांनी तो दिवस आठवावा.

रोजचं काम याहून साधं असतं. कुणाचा पासवर्ड लॉक होतो, प्रिंटर सापडत नाही, व्हीपीएन जोडला जात नाही, नव्या कर्मचाऱ्याला लॅपटॉप तयार करून द्यायचा असतो. प्रत्येक तक्रारीचं तिकीट बनतं. पहिल्या पातळीवर म्हणजे एल-१ला सुटलं तर बंद, नाहीतर एल-२कडे जातं.

या कामासाठी पाया म्हणून मी कॉम्प्टिया या संस्थेच्या ए-प्लस परीक्षेचा अभ्यासक्रम सुचवतो, कारण तो कुठल्याही एका कंपनीच्या उत्पादनापुरता नाही. परीक्षेत दोन पेपर आहेत. प्रत्येकाला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. ९००पैकी पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण लागतात. दोन्हींची फी वेगवेगळी असते आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पहिल्या पेपरमध्ये सर्वांत मोठा वाटा, २८ टक्के, बिघाड शोधून दुरुस्त करण्याचा आहे. दुसऱ्यात नोंदी ठेवणं, ग्राहकाशी नीट बोलणं यांसारख्या कामाच्या पद्धतींनाही मोठा वाटा आहे. पाठांतरावर भिस्त ठेवणाऱ्या मुलांना हे जड जातं. एक सावधगिरी बाळगा: मार्च २०२५मध्ये या परीक्षेची नवी आवृत्ती आली. तिचे पेपर २२०-१२०१ आणि २२०-१२०२. जुनी ११०१-११०२ ही जोडी बंद झाली, पण तिची पुस्तकं आणि व्हिडिओ अजून सगळीकडे फिरतात.

गुगलचा आयटी सपोर्ट अभ्यासक्रम कोर्सेरावर २०१८पासून आहे. संगणकाची फारशी ओळख नसलेल्याला तो सोपा वाटतो, नेटवर्किंगचा भाग तर फार छान शिकवला आहे. मात्र त्याचं प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं असतं. ए-प्लससारखी देखरेखीखालची परीक्षा तिथे नाही. शुल्क दरमहा असल्याने रेंगाळलात तर खर्च वाढतो. ऐपत नसेल तर आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. प्रोफेसर मेसरचे ए-प्लसचे व्हिडिओ यूट्यूबवर मोफत आहेत, मायक्रोसॉफ्ट लर्नही मोफत आहे. म्हणजे शिकण्यावर जवळपास काहीच खर्च न करता फक्त परीक्षेची फी भरायची, हा मार्ग खरोखर उपलब्ध आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची धास्ती मला कळते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससारखे विषय मराठीतून ऐकता येतात. सुरुवात तिथून करा. समजून घेताना मराठी वापरायला काहीच हरकत नाही. पण परीक्षा आणि तिकीट दोन्ही इंग्रजीत असतात. त्यामुळे रोज एक बिघाड निवडून चार ओळी इंग्रजीत लिहा: तक्रार काय, काय तपासलं, कारण काय निघालं, काय केलं. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सराव. घरातला किंवा ओळखीतला जुना लॅपटॉप मिळवा. त्यात एसएसडी टाका, रॅम निदान ८ जीबी, जमलं तर १६ करा. हे काम स्वतः स्क्रू काढून करा, तो पहिला धडा. मग व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात दोन आभासी यंत्रं उभी करा. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हर १८० दिवस आणि विंडोज ११ एंटरप्राइज ९० दिवस चाचणीसाठी मोफत देते. सर्व्हरवर अॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कर्मचाऱ्यांची खाती आणि संगणक एका डोमेनमध्ये सांभाळणारी व्यवस्था, बसवा, दहा-बारा खोटे कर्मचारी तयार करा, कुणाचं खातं लॉक करा, कुणाचा पासवर्ड बदला. दुसरं यंत्र त्या डोमेनला जोडा. ते जमलं की त्याचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, मुद्दाम ८.८.८.८ हा गुगलचा सार्वजनिक सर्व्हर करून पाहा. इंटरनेट नीट चालेल, पण डोमेन सापडणार नाही. असं का होतं हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, त्याला डीएनएस कळला. नेटवर्कच्या सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. मुलं व्हिडिओ बघत राहतात आणि हात चालवत नाहीत, स्वयंअध्ययन तिथेच फसतं.

म्हणून कुठल्याही क्लासला किंवा ऑनलाइन कोर्सला पहिला प्रश्न हाच विचारा: विद्यार्थी यंत्रावर किती तास काम करतो? नंतर परीक्षेची आवृत्ती विचारा. ‘खात्रीचे प्रश्न’ म्हणून डम्प देणाऱ्याकडे जाऊ नका. ते वापरल्याचं आढळलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शंभर टक्के प्लेसमेंटची हमी लेखी मागा आणि तिच्यातल्या अटी वाचा. हप्त्यांवर फी म्हटली की ते बहुधा कर्ज असतं. क्लास आवडला नाही म्हणून मुलाने सोडला तरी हप्ते थांबतीलच असं नाही.

पालकांनी आणखी काही गोष्टी धरून चालाव्यात. सुरुवातीला पगार बेताचा असतो, नोकरी बऱ्याचदा कंत्राटी असते, रात्रपाळी लागू शकते. पासवर्ड बदलून देण्यासारखी कामं आता आपोआप होऊ लागली आहेत, म्हणून एल-१वर थांबून चालणार नाही. दोनेक वर्षांत नेटवर्क, क्लाउड किंवा सुरक्षा यांपैकी एक वाट धरायला हवी. बारावीनंतर लगेच या क्षेत्रात उतरणाऱ्याने पदवी सोडू नये. अनेक कंपन्या पहिल्या चाळणीतच पदवी बघतात, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी ती काम करता करता घेता येते. आयटीआयमध्ये एका वर्षाचा कोपा हा संगणकाचा ट्रेड केलेल्यांनी शिकाऊ उमेदवारीची संधी शोधावी. तिथे विद्यावेतनही मिळतं आणि खऱ्या कार्यालयाची ओळखही होते.

कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी मुलाला किंवा मुलीला तीन महिने, जुना लॅपटॉप आणि चांगलं इंटरनेट द्या. तीन महिन्यांनी समोर बसून एखादा बिघाड दुरुस्त करून दाखवायला सांगा. दुरुस्त करता करता त्याचं कारण तुम्हाला समजेल असं सांगता आलं, तर पहिल्या पेपरची फी भरा.