मोठ्या मुलाचा ताप : घरची शुश्रूषा आणि तिची मर्यादा

तान्हे मूल तापले म्हणजे सारे घर जागे राहते. परंतु आठ-दहा वर्षांचे मूल तापले असता तितकी धावाधाव होत नाही. ते बोलते, पाणी मागते, आपल्या पायांनी अंगणात जाते. म्हणून "मोठे आहे, दोन दिवसांत उठेल," असे म्हणून आईबाप मजुरीस निघून जातात, व त्याच्या उशाशी धाकट्या भावंडाला बसवून ठेवतात. बहुतेक वेळा मूल उठतेही. पण काही थोड्या वेळा ते उठत नाही, आणि त्या वेळी घरच्यांच्या तोंडी एकच वाक्य असते : "सकाळपर्यंत तर बोलत होते."

सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला फार ताप आला असता घरी काय करावे, काय करू नये, आणि घरची शुश्रूषा थांबवून दवाखान्याची वाट कधी धरावी, हा या पाठाचा विषय आहे. यातील मुख्य गोष्ट आरंभीच सांगतो : शुश्रूषा म्हणजे तापाचा आकडा खाली आणणे नव्हे, शुश्रूषा म्हणजे मुलावर लक्ष ठेवणे होय.

१. ताप म्हणजे काय?

ताप हा स्वतः रोग नव्हे. तो रोगाची खूण आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील वैद्य वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या अंगातील उष्णता मोजून १८६८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हापासून वैद्यकात ही गोष्ट पक्की झाली. अंगात रोगजंतू शिरले म्हणजे शरीर आपणच आपली उष्णता वाढवते व जंतूंशी झुंजते. यास्तव ताप दिसताच घाबरू नये. पण खूण कशाची आहे हे न पाहता ती केवळ पुसून टाकण्याच्या मागेही लागू नये.

हाताची पाठ कपाळास लावून ताप असल्याचे कळते, किती आहे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक घरी नाही तरी प्रत्येक वस्तीत एक थर्मामीटर असावा. पाऱ्याच्या नळीपेक्षा आकडे दाखवणारा थर्मामीटर बरा. तो पडून फुटला तरी पारा सांडण्याचे भय नाही. बगल कोरडी पुसून तो तेथे नीट दाबून धरावा. बगलेतील आकडा तोंडातल्यापेक्षा सुमारे अर्धा ते एक अंश कमी येतो. १००.४ अंश किंवा त्याहून अधिक म्हणजे ताप, आणि १०२ अंशांच्या वर म्हणजे मोठा ताप, असे ढोबळ मानाने समजावे.

तथापि आकड्यावरून रोगाची भीषणता ठरत नाही. १०३ अंश तापातही जे मूल पाणी पिते, प्रश्नाला सरळ उत्तर देते व ताप थोडा उतरताच उठून बसते, त्याची काळजी कमी. १०१ अंशच ताप आहे, पण मूल हाकेला ओ देत नाही, ग्लानीत पडून आहे, तर त्याची काळजी फार अधिक.

२. घरी करावयाची शुश्रूषा

जागा व अंथरूण. मुलास हवेशीर जागी निजवावे. खिडकी-दार बंद करून, चुलीच्या धुरात, दोन गोधड्यांखाली त्याला दडपून ठेवण्याची चाल घातक आहे; त्याने अंगातली उष्णता अडून राहते. हुडहुडी भरली असेल तोवर एक पांघरूण द्यावे. ती थांबताच काढावे. अंगात सैल सुती कपडा पुरे. भेटीस येणाऱ्यांनी खोलीत दाटी करू नये.

पाणी. तापात पाणी अंगातून अधिक जाते आणि मुलाला पिण्याची इच्छा कमी होते. वीस किलो वजनाच्या मुलास एरवीही दिवसाकाठी सुमारे दीड लिटर द्रव लागतात; तापात त्याहून अधिक. म्हणून "मागेल तेव्हा देऊ" असे म्हणू नये. दर अर्ध्या तासाने चार घोट द्यावेत : उकळून गार केलेले पाणी, पेज, ताक, लिंबाचे सरबत, शहाळे मिळाले तर शहाळ्याचे पाणी. उलटी किंवा जुलाब असल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे. कमी पाण्यात दाट केलेली जलसंजीवनी अपाय करते. पाणी पुरते आहे की नाही हे लघवीवरून कळते. दिवसा सहा ते आठ तासांत लघवी झालीच नाही, अथवा अगदी थोडी व गडद झाली, तर पाणी अपुरे पडत आहे असे समजावे.

अन्न. "तापात लंघन" ही आपल्याकडील जुनी समजूत आहे. मोठ्या माणसाला एक दिवसाचे लंघन सोसेल. वाढत्या व आधीच कृश असलेल्या मुलाला ते सोसत नाही. जबरदस्ती करू नये, पण मऊ भात, मुगाचे वरण, खिचडी, दूध, केळे यांपैकी रुचेल ते थोडे थोडे व वारंवार द्यावे.

अंग पुसणे. मूल तापाने बेचैन असेल तर कोमट पाण्यात फडके भिजवून कपाळ, मान, बगला व हातपाय पुसावेत. गार पाणी किंवा बर्फ लावू नये. त्याने कापरे भरते व अंग आतून अधिकच तापते. स्पिरिट तर अंगास मुळीच चोळू नये.

येथे एक अपवाद नीट ध्यानात ठेवावा. वैशाखाच्या उन्हात गुरे राखणारे किंवा शेतात काम करणारे मूल एकाएकी तापून बरळू लागले अथवा बेशुद्ध पडले, तर तो साधा ताप नव्हे, उष्माघात होय. तेथे तापाच्या गोळीचा उपयोग नाही. त्याला लागलीच सावलीत आणून कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा, व हे करीत असतानाच गाडी बोलवावी.

औषध. तापावर घरी देण्यास योग्य औषध एकच, ते पॅरासिटामॉल. त्याची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलास ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, आणि ३५ ते ४० किलोच्या मुलास एक. मधल्या वजनाच्या मुलासाठी डॉक्टरांना अथवा आरोग्य सेविकेला विचारावे. सहा-सहा तासांचे अंतर ठेवावे व चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा देऊ नयेत. बाजारात ६५० मिलिग्रॅमचीही गोळी मिळते, आणि पातळ औषधही कमी-अधिक ताकदीचे असते. सबब वेष्टन वाचल्यावाचून देऊ नये. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलेच असते, म्हणून दोन्ही मिळून मात्रा दुप्पट होत नाही ना, हे पाहावे. कावीळ झालेल्या मुलास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध देऊ नये.

३. जे करू नये

ॲस्पिरिन मुलांस देऊ नये. काही विषाणूंच्या तापात त्याने यकृत व मेंदू यांस इजा होते, आणि डेंग्यूत रक्तस्राव वाढतो. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेनसारखी दुखणे मारणारी औषधेही डॉक्टरांवाचून देऊ नयेत. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या, शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्या, दुकानदाराने चिठ्ठीवाचून बांधून दिलेली पुडी, या तिन्ही टाळाव्यात.

"सुई टोचल्यावाचून ताप जात नाही" ही समजूत खेड्यांत फार आहे. सुईने पारा काही तास उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि मूळ रोग आत वाढत राहतो. पोटावर डागणे, बिब्बा घालणे, अंगारा लावून भगताची वाट पाहणे, यांनी रोग जात नाही. जातो तो वेळ, आणि तापात वेळ हीच सर्वांत मोलाची वस्तू आहे.

४. वही ठेवा

शाळेच्या जुन्या वहीचे एक पान पुरे. वेळ, ताप, किती प्याले, लघवी, कोणते औषध किती दिले, एवढ्या पाच गोष्टी दर चार-सहा तासांनी लिहाव्यात. घरात लिहिणारे कोणी नसेल तर भेटीस गेलेल्या उपदेशकाने किंवा शिक्षकाने ते काम करावे. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला व कसा चढला-उतरला, हे डॉक्टरांना कळले म्हणजे निदान लवकर होते.

५. ताप कशाचा असू शकेल?

पुष्कळ ताप साध्या विषाणूंचे असतात व तीन-चार दिवसांत आपोआप जातात. परंतु आपल्या प्रांतात पुढील ताप मनात धरून चालावे.

हिवताप : गडचिरोलीसारख्या जंगली जिल्ह्यांत हा फार. त्यातील एक जात एक-दोन दिवसांतच मेंदूवर जाते. अशा भागात ताप आला त्याच दिवशी आशा सेविकेकडून बोटाचे रक्त तपासून घ्यावे. अर्ध्या तासाच्या आत उत्तर मिळते.

डेंग्यू : यात फसगत होते ती ताप उतरताना. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंग गार लागू लागते, घरचे म्हणतात, "सुटला". आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत काही मुलांच्या रक्तातील पाणी नसांबाहेर पाझरून नाडी क्षीण होते. ताप गेला पण मूल ताजेतवाने झाले नाही, पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडले आहेत, हिरड्यांतून अथवा नाकातून रक्त येते, तर तत्काळ निघावे.

स्क्रब टायफस : पावसाळ्यात व त्यानंतर झुडुपांतील बारीक किड्यांच्या चावण्याने होतो. २०१८ साली विदर्भात त्याची साथ आली होती. बगल, जांघ, कंबर येथे काळी खपली दिसते का ते पाहावे, व दिसल्यास डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. न दिसली तरी हा ताप नाहीच असे ठरत नाही.

विषमज्वर : दूषित पाण्याने होतो, ताप आठवडाभर व अधिक राहतो. यातील औषधाचा क्रम ताप उतरला तरी पुरा करावा.

चांदीपुरा : हा विषाणू १९६५ साली नागपूर भागात प्रथम सापडला व तेथील गावाचे नाव त्यास मिळाले. भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीने तो पसरतो. २००३ साली महाराष्ट्र व आंध्र प्रदेशात, आणि २०२४ साली गुजरातेत त्याने मुले दगावली. यात सकाळी तापलेले मूल रात्रीपर्यंत बेशुद्ध होऊ शकते.

६. कोणत्या खुणा दिसताच घर सोडावे?

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर रात्र आहे, पाऊस आहे, पैसा नाही, असे म्हणत थांबू नये :

मूल हाकेने नीट जागे होत नाही, बरळते किंवा माणसे ओळखत नाही. आकडी येते. मान ताठ झाली आहे, डोके असह्य दुखते. धाप लागते, शांत असतानाही श्वास मिनिटास तिसाहून अधिक आहे. पिलेले सर्व उलटून पडते. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले असून बोटाने दाबले तरी ते फिके होत नाहीत. कोठूनही रक्त येते. लघवी बंद झाली आहे. हातपाय गार व ओठ निळसर पडले आहेत.

यांपैकी एकही खूण नसली तरी ताप पुरे दोन दिवस राहिल्यास मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावेच.

आकडीविषयी एक शब्द. तापाची साधी आकडी सहा महिन्यांपासून सुमारे पाच वर्षांपर्यंतच्या बाळांत येते. त्याहून मोठ्या मुलास तापात आकडी आली तर ती साधी समजू नये. मेंदूज्वर किंवा मेंदूचा हिवताप असण्याचा संभव असतो. मुलास कुशीवर निजवावे, आजूबाजूचे टणक सामान दूर करावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा व चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते व तिला पैसे पडत नाहीत. ती येण्यास उशीर होईल असे दिसल्यास गावातील जे वाहन मिळेल ते घ्यावे, आणि वही बरोबर न्यावी.

सारांश, मोठे मूल बोलते म्हणून ते सुरक्षित आहे असे मानू नये. मोठी मुले आईबापाचा रोज बुडू नये म्हणून आपले दुखणे लपवतात. मुली तर अधिकच. यास्तव तापलेल्या मुलापाशी एक जाणते माणूस बसलेच पाहिजे. एका दिवसाची मजुरी परत मिळवता येते.

चर्चेसाठी प्रश्न

१. तापाचा आकडा कमी असूनही काळजी अधिक का करावी लागते?
२. उष्माघात व साधा ताप यांच्या उपचारांत कोणता फरक आहे?
३. डेंग्यूत ताप उतरल्यावर कोणत्या खुणा पाहाव्यात?
४. आपल्या वस्तीत थर्मामीटर कोणाकडे आहे? आशा सेविकेचे घर व रात्री मिळू शकणारे वाहन कोणते, हे प्रत्येक घरास ठाऊक आहे काय?
५. मजुरीस जाणाऱ्या आईबापाचे मूल तापले असता शेजाऱ्यांनी पाळीपाळीने बसण्याची व्यवस्था कशी करता येईल?