बंद पडलेली पद्मिनी गॅरेजमध्ये आली: आधी टाकी, मग कार्बोरेटर

या आठवड्याच्या व्हिडिओत बऱ्याच वर्षांनी बाहेर काढलेल्या प्रीमियर पद्मिनीचं काम दाखवलं. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून कामाचा क्रम आणि पैशांचा हिशोब इथे सविस्तर देतोय. गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल असाच लिहिलाय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मी स्वतः गॅरेज चालवत होतो तेव्हा एक गिऱ्हाईक वडिलांची पद्मिनी टो करून घेऊन आले. वडील गेल्यापासून सहा वर्षं गाडी शेडमध्ये उभी. "आईला त्याच गाडीतून जेजुरीला न्यायचंय," एवढंच म्हणाले. आम्ही कार्बोरेटर खोलला, धुतला, बसवला. चोक ओढून सेल्फ मारला, गाडी चालू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी १,५०० रुपयांचं बिल केलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. गाडी दिवे घाटाच्या चढावर बंद, आई गाडीत, वर दुपारचं ऊन. टोइंगचे २,२०० रुपये माझ्या खिशातून गेले. कार्बोरेटर पुन्हा खोलला तर आत गंजाची भुकटी. पुन्हा धुतला, फुकटात. आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी टाकी उतरवली, तेव्हा खरा रोगी सापडला.

सपाटीवर गाडी चालली आणि घाटातच का बंद पडली? कारण आयडलवर इंजिनला पेट्रोल थोडंसंच लागतं. अर्धवट तुंबलेल्या पाइपमधूनही तेवढं येतं. चढावर मागणी वाढते आणि तिथे पुरवठा कमी पडतो. म्हणजे "गॅरेजमध्ये चालू झाली" हा काम पूर्ण झाल्याचा पुरावा नाहीच.

क्रम लक्षात ठेवा: पेट्रोल जसं वाहतं, तसं काम करायचं. टाकी, पाइप, पंप, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. वरची टाकी घाण ठेवून घरातला नळ धुण्यात काय अर्थ?

पायरी ०: सुरक्षितता. काम मोकळ्या हवेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, त्यामुळे पिटवर हे काम करू नका. हॅलोजनचा दिवा, विडी-सिगारेट, ग्राइंडर सगळं लांब. पावडरचा अग्निशामक हाताशी.

पायरी १: अर्ध्या तासाची बाटली-टेस्ट. आधी डिपस्टिक काढून वास घ्या. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसतो आणि कॅमवर चालतो. त्याचा डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारायचाच नाही, आधी ऑइल बदला. ऑइल ठीक असेल तर पंपाकडून येणारा पाइप कार्बोरेटरपासून सोडवून त्याचं तोंड बंद करा. एका लहान, घट्ट टांगलेल्या डब्यातून ताजं पेट्रोल थेट कार्बोरेटरला द्या. डबा एक्झॉस्टच्या वर टांगू नका, आणि सोडलेली बॅटरी शेवटी जोडा.

- डब्यावर गाडी नीट चालते, टाकीवर चालत नाही: दोष कार्बोरेटरच्या मागे आहे.
- डब्यावरही अडखळते, किंवा पेट्रोल ओसंडतं: कार्बोरेटरही खोलावा लागेल.

या अर्ध्या तासात तुम्हाला एस्टिमेट कळतं. खोलण्याआधी!

पायरी २: टाकी. झाकण उघडून वास घ्या. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबट वास येतो. ते रिकामं करून काचेच्या बरणीत थोडं घ्या आणि स्थिर ठेवा. तळाला गंज बसतो, पाणी असेल तर वेगळा थर दिसतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल फार झाली की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या बुडाशी बसतो. पेट्रोल उचलणारी नळीही तिथेच असते.

गंज असेल तर टाकी उतरवून साफ करा, धुवा आणि पूर्ण वाळवा. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी नवा गंज चढतो. टाकी गळत असेल तर स्वतः वेल्डिंग मारू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. हे काम जाणकाराकडेच द्या.

टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्गही बघा. तो बुजला तर गाडी थोडा वेळ चालून बंद पडते, आणि झाकण उघडताच "फुस्स" आवाज येतो.

पायरी ३: पाइप. लोखंडी पाइप दोन्ही टोकांनी सोडवून हवेने साफ करा. पंप जोडलेला ठेवून हवा मारलीत तर डायफ्रॅम गेलाच समजा. रबरी पाइप वरून चांगला दिसला तरी सगळे बदला. घेताना दुकानदाराला इथेनॉल-मिश्रित पेट्रोलला चालणारा पाइप मागा. साधा पाइप आतून फुगतो, मऊ पडतो, मग गळतो. गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा. तो तुमचा वॉचमन आहे.

पायरी ४: पंप. पंपाचा बाहेरचा पाइप बाटलीत सोडा, इग्निशन कॉइलची वायर काढा आणि सेल्फ फिरवा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आलं पाहिजे. नुसतं ठिबकत असेल तर डायफ्रॅम आणि व्हॉल्व्हचं किट टाका.

पायरी ५: आता कार्बोरेटर. जेट पितळेचे असतात, भोक मोजून पाडलेलं असतं. तार घालू नका; भोक मोठं झालं की मिक्स्चर कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवा पुरे. फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खुळखुळलं तर फ्लोट फुटका. नीडल व्हॉल्व्ह आणि गॅस्केट नवीनच टाका.

आता धंद्याचं बोलू. माझी मेकॅनिकची चूक छोटी होती, धंद्याची मोठी. मी तपासणी न करता कामाचा भाव सांगितला. १,५०० मिळवले, २,२०० टोइंगला घालवले, दोन वेळची मजुरी गेली ती वेगळीच. आणि टाकीचं काम निघालं तेव्हा गिऱ्हाइकाला वाटलं, हा आता पैसे काढतोय. काम खरं होतं, पण विश्वास आधीच गेला होता.

म्हणून एस्टिमेट तीन भागांत द्या, कागदावर:

१. तपासणी. बाटली-टेस्ट आणि टाकीचा नमुना. ठरलेली फी, काम करा किंवा नका करू.
२. काम. तपासणीत जे निघालं तेवढंच. टाकी, पाइप, पंप, कार्बोरेटर यांचे पैसे वेगवेगळे लिहा.
३. ट्रायल. चढाचा रस्ता धरून फेरी, मग फिल्टर उघडून तपासणं. फिल्टरमध्ये गंज दिसला तर गाडी द्यायची नाही.

टाकीतल्या पेट्रोलची बरणी गिऱ्हाइकासमोर टेबलावर ठेवा. तळाचा गंज त्यांनी डोळ्यांनी पाहिला की तुम्हाला भाषण करावं लागत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "एवढं नको, फक्त कार्बोरेटर करा," तर हात जोडून नाही म्हणा. नाही म्हटल्याने एक बिल जातं. घाटात बंद पडलेली गाडी दहा बिलं घालवते.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. उत्पादन बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली, मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. आता ज्या उरल्यात त्या कुणाच्या तरी वडिलांच्या, आजोबांच्या. अशा गाडीचं गिऱ्हाईक भावाची घासाघीस कमी करतं, पण दगा झाला तर विसरत नाही.

माझ्या त्या गिऱ्हाइकाची आई शेवटी जेजुरीला गेली. त्याच गाडीतून, टाकी साफ झाल्यावर. पण मला ते दुसऱ्याकडून कळलं. ते स्वतः माझ्याकडे पुन्हा आले नाहीत.

या आठवड्याचा होमवर्क: गेल्या वर्षभरात परत आलेल्या गाड्या वहीत लिहा. प्रत्येकीसमोर एकच प्रश्न: आपण सुरुवात टाकीपासून केली होती, की कार्बोरेटरपासून? भेटू पुढच्या व्हिडिओत!