धावणे थांबल्यानंतर

रिओ येथील ऑलिंपिक स्पर्धेत १४ ऑगस्ट २०१६ रोजी महिलांची मॅरेथॉन झाली. केरळची ओ. पी. जैशा आणि नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत या दोघी भारताकडून धावल्या. जैशाने ४२.१९५ किलोमीटरचे अंतर २ तास ४७ मिनिटे १९ सेकंदांत पुरे केले आणि अंतिम रेषा ओलांडताच ती कोसळली. तिला सलाइन द्यावे लागले. वाटेत आपल्याला पुरेसे पाणी मिळाले नाही, असे तिने सांगितले. पेये देऊ केली असता ती नाकारली गेली, असे ॲथलेटिक्स महासंघाचे म्हणणे होते. हा वाद बाजूला ठेवू. आदल्याच वर्षी बीजिंगमध्ये २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारी धावपटूही कोसळू शकते. तेव्हा अशा वेळी ‘अशक्तपणा’ हा शब्द वापरण्याची घाई करू नये.

आता एक साधे उदाहरण घेऊ. वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. समजा, अशा एखाद्या घरातील तरुण मॅरेथॉनच्या सरावासाठी रविवारी पहाटे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील रस्त्यांवर २५ किलोमीटर धावला. थांबताक्षणी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी आल्यावर मळमळू लागले. चहाही नकोसा झाला. असे का होते?

धावताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक पायांतील रक्त हृदयाकडे ढकलत असतात. एकाएकी थांबले की हे ढकलणे थांबते, रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचून राहते आणि रक्तदाब उतरतो. म्हणून शेवटी दहा-पंधरा मिनिटे चालावे. चक्कर आलीच, तर आडवे होऊन पाय उंचावर ठेवावेत. मळमळीचे कारण निराळे. धावताना रक्त स्नायूंकडे व त्वचेकडे वळते, जठर-आतड्यांच्या वाट्याला थोडेच येते. तेथील काम पूर्ववत होईपर्यंत घोट घोट पेय व मऊ भात पुरे.

पाण्याचा प्रश्न मात्र नाजूक आहे. आमच्या पिढीला ‘धावून आल्यावर पाणी पिऊ नये’ असे बजावले जाई. पुढच्या पिढीला ‘तहान नसली तरी प्या’ असे सांगितले गेले. दोन्ही उपदेश टोकाचेच. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता. त्याच शर्यतीत २८ वर्षांची एक धावपटू याच कारणाने मरण पावली. गरजेहून अधिक पाणी प्यायल्याने रक्तातील मीठ विरळ होते आणि मेंदूला सूज येते. डोके ठणकणे, उलट्या, बोटे सुजणे, बरळणे ही त्याची लक्षणे. अशा माणसाला आणखी पाणी पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

मग किती प्यावे? तहानेनुसार. शंका असल्यास धावण्यापूर्वी व नंतर वजन करावे. एक किलो घटले, तर साधारण एक लिटर पाणी शरीरातून गेले असे समजावे. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले. कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले सत्तूचे सरबत ही वाराणसीकरांची उन्हाळी पेये सरावानंतर घेण्यास उत्तम. मात्र तीही बेतानेच.

मे-जूनमध्ये तेथे पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि लू वाहते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसवर गेले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. वाहनाची वाट पाहत बसू नये. आधी अंगावर थंड पाणी ओतावे, मिळाल्यास बर्फ वापरावा, वारा घालावा आणि मग रुग्णालय गाठावे.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. धावल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायूंची झीज होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळत असण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पाय कितीही दुखत असले, तरी तोवर वेदनाशामक गोळी घेऊ नये. तिचा भार मूत्रपिंडांवरच पडतो.