काशीतील घर आणि नोंदणीकृत मध्यस्थ

काशीच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरातील गल्ल्यांत मराठी कुटुंबांची वस्ती पेशवाईपासूनची आहे. त्यांपैकी अनेकांच्या पुढच्या पिढ्या पुण्या-मुंबईस स्थायिक झाल्या, वाड्यातील हिस्सा मात्र काशीतच राहिला. तो विकावयाचा असो किंवा शहराच्या वाढत्या कडेस नवी सदनिका घ्यावयाची असो, पहिली गाठ पडते ती मध्यस्थाशी. पूर्वी या व्यवसायास गल्लीची खडानखडा माहिती आणि जिभेवरील साखर एवढे भांडवल पुरत असे.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 मुळे ही स्थिती पालटली. मध्यस्थांविषयीची कलमे 1 मे 2017 पासून अंमलात आली. कलम 9 नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड वा सदनिका विकून देणाऱ्या मध्यस्थाने स्वतःचीही नोंदणी केली पाहिजे. वाराणसीसाठी हा अधिकार लखनौ येथे मुख्यालय असलेल्या उत्तर प्रदेश प्राधिकरणाकडे आहे. नोंदणी ज्या राज्यात होते त्या राज्यापुरतीच ती चालते. महाराष्ट्रातील क्रमांक दाखवून काशीतील प्रकल्पाची सदनिका विकता येत नाही.

अर्जासोबत छायाचित्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, व्यवसायाचा तपशील आणि मागील तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे द्यावी लागतात. उत्तर प्रदेशाच्या 2016 च्या नियमांत शुल्क व्यक्तीस 25,000 रुपये आणि संस्थेस 2,50,000 रुपये असे ठरविण्यात आले. महाराष्ट्राच्या नियमांत हेच आकडे 10,000 आणि 1,00,000 असे होते. महाराष्ट्राने 2023 मध्ये आणखी एक पाऊल टाकून मध्यस्थांस प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. हे योग्यच झाले. आयुष्याची पुंजी ज्याच्या शब्दावर गुंतवली जाते, त्याला निदान करारनामा वाचता यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

नोंदणी झाली म्हणजे कर्तव्ये सुरू होतात. प्रत्येक व्यवहारात नोंदणी क्रमांक नमूद करावयाचा, हिशेबाच्या वह्या व कागदपत्रे जपावयाची, नोंदणी नसलेला प्रकल्प विकावयाचा नाही, जी सोय प्रकल्पात नाही तिचे आश्वासन द्यावयाचे नाही आणि आरक्षणाच्या वेळी ग्राहकास हक्काची सर्व कागदपत्रे द्यावयाची. नियमभंगास दररोज 10,000 रुपये दंड असून, तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. फसवणुकीने वा खोट्या माहितीवर मिळविलेली नोंदणी रद्दही होते. प्रवर्तकाने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, हे कलम 13 सांगते; मध्यस्थ घाई करू लागला की ग्राहकाने हे कलम आठवावे.

येथे एक मोठी मर्यादा आहे आणि काशीच्या बाबतीत तीच अधिक महत्त्वाची. हा कायदा प्रकल्पांसाठी आहे. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर त्या प्रकल्पास सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. घाटांलगतच्या अरुंद गल्ल्यांतील बहुतेक बांधकामे याच मापात बसतात. वडिलोपार्जित वाड्याची फेरविक्रीही या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे पुण्यात बसून काशीतील हिस्सा विकणाऱ्या भावंडांना मध्यस्थाकडील प्रमाणपत्राचा आधार जवळजवळ नाहीच.

अशा वेळी अवलंबून राहावयाचे ते मालकीहक्काच्या तपासणीवर. सर्व वारसांची नावे, जुनी वाटणीपत्रे, देवस्थानाचा किंवा न्यासाचा संबंध आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू या चार गोष्टी काशीच्या जुन्या घरांत वारंवार आडव्या येतात. मुखत्यारपत्र देताना विक्रीची किंमत घेण्याचा अधिकार मध्यस्थास मुळीच देऊ नये. रक्कम थेट वारसांच्या खात्यांत जमा व्हावी. घर घेण्यासाठी कर्ज मागितले गेल्यास बँकेचे वकील मालकीची साखळी आणि बोजा पाहतात, म्हणून खरेदीदाराने बयाणा देण्याआधीच शाखेत जाऊन कागदपत्रे दाखविली, तर त्रुटी वेळेवर उघड होते. नव्या प्रकल्पाच्या बाबतीत मध्यस्थाचा आणि प्रकल्पाचा, असे दोन्ही क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणासही पडताळता येतात.