मूळ जिवंत होतं

माझ्या डाव्या कानामागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा आहे. तिथले केस चाईनं गेले, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं.

चाई पडली तेव्हा मी खामगावात कॉलेजात होतो. ती प्रथम न्हाव्याला दिसली. केसांच्या मुळाशी किडा असतो, तो जाळला की केस येतात, हा आमच्याकडचा पक्का समज. कोणीतरी बिब्बा सांगितला. तापल्या सुईनं टोचून काढलेलं त्याचं काळं तेल मी तीन रात्री चोळलं. चौथ्या दिवशी बिब्बा उतला. डोळे सुजले, फोड पिकले, जखम भरायला दीड महिना लागला. मानेवर दुसरी एक चाई होती, तिला मात्र आळसानं काहीच लावलं नाही. तिथे काही महिन्यांत आधी पांढरी लव आली, मग काळे केस!

हे कोडं पुढे अकोल्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञानं उलगडलं. चाईत किडा नसतोच. शरीराच्या संरक्षक पेशी वाट चुकून केसाच्या मुळाच्या खालच्या कंदाभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पोळ्याभोवतीच्या माश्यांसारखं दिसतं. केस गळतो, पण ज्या मूलपेशींतून नवा केस घडतो त्या थोड्या वर असतात आणि बहुधा वाचतात. म्हणून चाईच्या जागी बारीक छिद्रं शाबूत राहतात. माझ्या कानामागे ती नाहीत. बिब्ब्यानं कातडी खोलवर जळली आणि तिथे व्रण भरला. व्रणातून केस येत नाही.

गंमत म्हणजे हट्टी चाईवर डॉक्टरही कधीकधी मुद्दाम ॲलर्जी आणणारं औषध लावतात; पण मोजून, पातळ करून. आमचं माप म्हणजे 'चांगलं झोंबलं पाहिजे'.

तेव्हा टक्कल दिसलं की आधी ती छिद्रं दिसतात का, हे भिंगातून बघणाऱ्याकडे जा. सगळी टकलं चाईची नसतात. ल्युपस या आजाराच्या एका प्रकारात हल्ला मूलपेशींवरच होतो, व्रण पडतो; तिथे महिनाभराचा उशीरही महागात पडतो. शंका असली तर डॉक्टर चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्याला भिऊ नका, एखादा टाका पडतो. चाई असेल तर थायरॉइड तपासून घ्या, ती जोडी पुष्कळदा असते. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडचं मलम आणून महिनोन्महिने चोळू नका, कातडी पातळ होते.

डिसेंबर 2024 अखेर शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवडकडे माणसं चार-आठ दिवसांत टकली होऊ लागली. आधी बुरशीचा संशय, मग पाण्याचा, आयसीएमआरचं पथक आलं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे ही चाई नव्हेच. पण त्या दिवसांत हे कोणाला ठाऊक? तिकडे दिलेल्या चुलत बहिणीचा फोन आला, "दादा, पोराच्या डोक्याले बिब्बा लावू काय?"

मी तिला व्हिडिओ कॉल करायला लावला आणि टोपी काढून माझा कान दाखवला.