मातीतील सूक्ष्म प्लॅस्टिकचा शोध

टरबुजाच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या शेतात वाफ्यांवर अंथरलेला चंदेरी-काळा प्लॅस्टिकचा कागद तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शेतकरी त्यास मल्चिंग पेपर म्हणतात. त्याच्या योगाने जमिनीतील ओलावा टिकतो व तण माजत नाही. परंतु पीक निघाल्यावर तो पुरता उचलला नाही, तर उन्हाने ठिसूळ होतो, नांगराच्या फाळाने फाटतो आणि मातीत मिसळतो. तुकड्यांचे पुन्हा तुकडे होतात. पाच मिलिमीटरांहून लहान अशा कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या लेखानंतर समुद्रातील या कणांकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे शास्त्रज्ञ शेतजमिनीकडेही वळले.

समुद्राचे पाणी गाळता येते. माती कशी गाळावी? तीत वाळू असते, मुळ्यांचे तंतू असतात, काडीकचरा व कीटकांचे पंखही असतात. या गर्दीतून प्लॅस्टिकचा कण वेगळा कसा काढावा?

याची युक्ती भातशेतकऱ्यांना परिचित आहे. पेरणीपूर्वी ते बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे तरंगतात आणि भरीव दाणे तळाशी बसतात. प्रयोगशाळेत वाळवून चाळलेली माती अशाच खारट द्रावणात ढवळतात. वाळू खाली बसते, आणि मल्चिंगच्या कागदाचे पॉलिएथिलीन हलके असल्यामुळे वर येते. पी. व्ही. सी. नळाचे कण मात्र जड असतात. त्यांच्यासाठी झिंक क्लोराइडचे अधिक घट्ट द्रावण घ्यावे लागते. वर तरंगणारा काडीकचरा हायड्रोजन पेरॉक्साइडने बराचसा नाहीसा करतात.

उरलेल्या कणांना नाइल रेड नावाचा रंग देतात. विशिष्ट प्रकाशात पाहिले असता प्लॅस्टिकचे कण चमकू लागतात. मग सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा त्यांची चित्रे टिपतो. परंतु चमकते ते सारे प्लॅस्टिक नव्हे! वनस्पतींचे काही स्निग्ध अवशेषही तसेच चमकतात. म्हणून कणांवर अवरक्त किरण सोडून त्यांची परीक्षा करतात. प्रत्येक पदार्थ हे किरण आपल्या विशिष्ट रीतीने शोषतो. त्यावरून त्याची ओळख पटते.

असे हजारो कण मोजता मोजता माणसाचे डोळे शिणतात. येथे संगणक साहाय्यास येतो. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे केवळ अंकांचा पट होय. तज्ज्ञ त्याला अनेक चित्रे दाखवतात आणि 'हे प्लॅस्टिक', 'ही मुळी' असे सांगतात. उत्तर चुकले की संगणक आपल्या गणितात थोडा फेरफार करतो. असे करता करता तो कण ओळखू लागतो. नंतर त्याची परीक्षा पूर्वी न पाहिलेल्या चित्रांवर घेतात. कारण तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर पाठांतर कळते, ज्ञान कळत नाही. शिकवणाऱ्यानेच मुळीला प्लॅस्टिक म्हटले, तर यंत्रही तसेच म्हणणार.

संशोधकाला आणखी एक दक्षता घ्यावी लागते. त्याच्या नायलॉनच्या कपड्याचा एखादा तंतू नमुन्यात पडला, तर तो शेताच्या नावावर मोजला जाईल! म्हणून तो सुती अंगरखा घालतो आणि माती न घालता तीच सारी कृती एकदा करून पाहतो. त्या कोऱ्या नमुन्यात जितके कण सापडतात, तितके बाहेरचे समजावयाचे.

मूठभर मातीतील कण शोधण्यास इतके श्रम पडतात. मग सबंध शेतातून ते वेचून काढणे कसे शक्य व्हावे? गांडुळांच्या बिळांवाटे ते आणखी खोल जातात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. यंत्र कण दाखवून देईल. परंतु माती निवडून देणार नाही. अखंड आहे तोवर तो कागद दोन हातांनी उचलता येतो. त्याचे हजार तुकडे झाल्यावर सूक्ष्मदर्शकही अपुरा पडतो.

अभ्यास
१. भाताचे बियाणे निवडणे आणि मातीतील प्लॅस्टिक वेगळे करणे यांत साम्य कोणते?
२. संगणकाची परीक्षा नव्या चित्रांवर का घेतात?
३. 'चमकते ते सारे प्लॅस्टिक नव्हे,' असे लेखक का म्हणतो?