इसब : ओळख आणि निगा



उसाच्या लागणीवर लिहिणारा माणूस आज कातडीच्या रोगावर लिहितो आहे, याला कारण घरचेच. माझ्या धाकट्या मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूस चट्टे उठले. गजकर्ण समजून मी दुकानातून मलमाची ट्यूब आणली. चार दिवस बरे वाटले. ट्यूब संपताच चट्टे पहिल्यापेक्षा जोराने उठले. वर्गातल्या मुली तिच्याजवळ बसेनात. डॉक्टरांनी सांगितले, हे इसब आहे, आणि ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉईड होते.

इसब संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने ते लागत नाही. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर मुलांत ते जास्त आढळते. तान्ह्या बाळाच्या गालावर, मोठ्या मुलांच्या कोपराच्या व गुडघ्याच्या वळीत ते येते. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, कधी पाणी सुटते. गजकर्णाची मात्र गोल कडा पसरत जाते, मधला भाग निवळतो, आणि ते दुसऱ्याला लागते. दोन्हींचे औषध वेगळे आहे.

मोठ्या माणसांत गाजर गवताकडे लक्ष द्या. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले हे गवत आज प्रत्येक बांधावर आहे. त्याचे बारीक कण वाऱ्याने उडून पापण्या, मान व हातांवर इसब उठवतात. ज्याला त्रास आहे त्याने ते उपटू नये. इतरांनी हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वीच काढावे.

निगा अशी ठेवा :

१) कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ. अंग घासू नका, टिपून घ्या.

२) अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. चट्टे नसतानाही रोज लावा.

३) नखे कापा. कपडे सुती घाला.

४) स्टेरॉईड मलम डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावा. भिऊन मधेच सोडू नका, मनाने वाढवूही नका.

५) पू, ताप किंवा दुखरे फोड आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इसब मुळासकट जाईलच असे नाही, पण रोजच्या निगेने आटोक्यात राहते. आमची पोर आता शाळेत सर्वांबरोबर डबा खाते. आपल्या गावात असे लेकरू असेल तर त्याला दूर बसवू नका, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी